दोनशेपैकी दोनशे चौदा

रामाचं नाव न घेता रामायण रचायचं. ओठाला ओठ लावणारी अक्षरं वर्ज्य: प, फ, ब, भ, म. 'म' गेला की राम गेलाच. लक्ष्मण, भरत, मारुती, कुंभकर्ण, बिभीषण हेही गेले. (रावणातला 'व' चालतो का, यावर शास्त्र्यांनी वाद घालावा.) उरलेल्या अक्षरांत अयोध्येपासून लंकेपर्यंतची कथा बसवायची आणि वृत्तही सांभाळायचं. अठराव्या शतकात बारामतीत, कऱ्हेच्या काठी राहणाऱ्या मोरोपंत पराडकरांनी हा पेपर स्वतःच काढला आणि स्वतःच सोडवला. त्याचं नाव निरोष्ठरामायण. पंतांनी अशी एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. कुठे ठरावीक अक्षरं टाळायची, कुठे ओळींतून मंत्राची अक्षरं गुंफत जायची.

पंतांचा हा अवघडपणा हौसेचा होता. बारामतीच्या नाईकांचा आश्रय होता, पुराण सांगण्यावर घर चालत होतं. एखादं रामायण अर्ध्यात अडलं असतं तर पंतांची झोप उडाली असती, पण कुणाची चूल विझली नसती. १७९४ मध्ये पंत गेले. पुढे साठ वर्षांनी, १८५४ मध्ये, परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' निघालं आणि पंतांच्या आर्या शाळकरी पोरांपुढे आल्या. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंगांनी पंतांच्या केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. आता तीच आर्या अन्वय लावण्यासाठी, समास सोडवण्यासाठी, गुण मिळवण्यासाठी वाचायची झाली. कवीनं मौजेनं मारलेली गाठ पोरांनी भीतीनं सोडवायची. मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांना मोरोपंत म्हटलं की कविता आठवायची नाही, घाम आठवायचा, त्याचं मूळ इथे आहे. पंतांचा यात काही दोष नाही.

हौसेच्या अवघडपणाला चूल कधी जोडली गेली, याचा हा मागोवा. परीक्षेची गोष्ट म्हटल्यावर तो लंडन-केंब्रिजला जाणार हे अपेक्षितच आहे. पण त्याआधी तो इंदापूरच्या जिराईत रानातून जातो, आणि ते रान मला या सगळ्या कहाणीत सर्वात महत्त्वाचं वाटतं.

पेशवाईत परीक्षा नव्हती असं नाही. श्रावणमासात पुण्यात दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सरसकट गर्दी, आणि विद्वानांसाठी वेगळी सभा, जिथे शास्त्री प्रश्न विचारून योग्यता ठरवीत. इंग्रजी अमलात ही दक्षिणा आटली. तिच्यातल्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज निघालं. पुढे लोकहितवादींसारख्या मंडळींनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, त्यावरून पुण्यात मोठी रणधुमाळी झाली. या परीक्षेत अन्याय भरपूर होता, आणि ती एकाच जातीच्या दारापुरती होती. पण प्रश्न विचारणारा समोर बसलेला असे. त्याचा प्रश्न वेडगळ निघाला तर भर सभेत त्याचीही शोभा व्हायची. लेखी पेपरात ही सोय उरली नाही.

आता हेलीबरी. ईस्ट इंडिया कंपनीनं आपले कारकून-कलेक्टर घडवायला इंग्लंडात १८०६ मध्ये हे कॉलेज काढलं. प्रवेश संचालकांच्या चिठ्ठीवर, पण आत गेल्यावर परीक्षा आणि बक्षिसं. अर्थशास्त्र शिकवायला लोकसंख्येवाला माल्थस. शेतजमिनीचं भाडं नेमकं कशातून निर्माण होतं, हा त्या काळचा ताजा सिद्धांत हेलीबरीच्या फळ्यावर होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा त्या वर्गातला हुशार विद्यार्थी. तो मुंबई इलाख्यात आला आणि १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या जमीनमोजणीचं काम त्याच्याकडे गेलं. इंदापूर त्यात होतं.

प्रिंगलनं वर्गात शिकलेलं उत्तर जसंच्या तसं रानात उतरवायचं ठरवलं. प्रत्येक शेत मोजायचं. मातीची प्रतवारी करायची. त्या प्रतीच्या जमिनीत सरासरी पीक किती येतं ते काढायचं. त्यातून बैल, बियाणं, मजुरी, अवजारं असा सगळा खर्च वजा करायचा. उरलं ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे शेकडा ५५ सरकारचे. कागदावर हे इतकं स्वच्छ आहे की आजही एखाद्या प्राध्यापकाला पूर्ण गुण द्यावेसे वाटतील. अडचण एवढीच, की इंदापूरच्या हलक्या बरड रानाचं 'सरासरी पीक' म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एका वर्षी परतीचा पाऊस झाला तर शाळू कणसाला भारी, पुढची दोन वर्षं कडबासुद्धा नाही. शेतकऱ्याचा खर्च कुठे लिहिलेला नसतो. घरच्या माणसांची मजुरी धरायची का, मेलेल्या बैलाचं काय करायचं? हिशेब इतका किचकट, की तो फक्त खालच्या कारकुनांना कळे. आणि ज्याला कळे तो त्याचा भाव लावी. पैसे देणाऱ्याची काळी जमीन कागदावर बरड होई, न देणाऱ्याची बरड जमीन काळी.

१८३०च्या सुमारास हा आकार लागू झाला आणि इंदापूरची रयत या पेपरात नापास झाली. तसं नापास होण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. सरकारच्याच नंतरच्या अहवालात नोंद आहे की वसुलीसाठी लोकांचे हाल केले गेले, घरं टाकून माणसं शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली, आणि काही भागांत कसण्याजोग्या जमिनीपैकी तिसरा हिस्साच लागवडीखाली उरला.

पुढे जे घडलं त्यासाठी मी इंदापूरला महत्त्व देतो. १८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा असिस्टंट कलेक्टर तिथली पडीक रानं पाहून आला आणि त्यानं नापासाचा शेरा रयतेवर न मारता पेपरावर मारला. जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर त्याच्या जोडीला आला. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवला. माती किती खोल आहे, रंग कसा, गावानं आजवर खरोखर किती भरलं, आणि किती मागितलं तर लोक परत येतील, असे साधे प्रश्न विचारले. आकार उतरवला, तीस वर्षांची हमी दिली, आणि १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात मुंबई इलाख्याच्या सर्व्हेची सुरुवात झाली. पुढे हीच पद्धत इलाखाभर गेली. एखाद्या सरकारनं आपली प्रश्नपत्रिका चुकीची होती हे मान्य करून ती मागे घेतल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या साध्या पद्धतीचंही पुढे शास्त्र झालंच. १८४७च्या संयुक्त अहवालात मातीचे नऊ वर्ग आहेत. उत्तम काळी, पावणेदोन हात खोल, तिला सोळा आणे. मग चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे. त्यावर 'दोष'. चुनखडी मिसळली आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी वाहून जातं. दर दोषामागे शेत एक वर्ग खाली. आज अभ्यासिकेत बसलेल्या ज्या मुलांना वाटतं की निगेटिव्ह मार्किंग लोकसेवा आयोगानं काढलं, त्यांच्या पणज्यांच्या शेतांना ते आधीच लागलेलं होतं. आणि पहिली तीस वर्षं संपल्यावर, १८६७च्या आसपास, इंदापूरचा आकार फेरतपासणीत पुन्हा चढला. कापसाचा भाव पडला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पेपर पुन्हा अवघड केला की काय होतं याचा तो निकाल, पण त्याची कारणं अनेक आहेत आणि तो विषय वेगळा.

हेलीबरी १८५८ मध्ये बंद पडलं. चिठ्ठीवरचा प्रवेश बंद करून खुली स्पर्धा परीक्षा आणायची असं पार्लमेंटानं १८५३ मध्येच ठरवलं होतं. ती परीक्षा कशी असावी हे ठरवणाऱ्या समितीचा प्रमुख मेकॉले. त्याच्या १८५४च्या अहवालातली गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे. एकूण गुण ६,८७५. त्यात इंग्रजीचे १,५००, गणिताचे १,०००, ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, फ्रेंच, जर्मन, इटालियन प्रत्येकी ३७५. संस्कृत ३७५, अरबी ३७५. म्हणजे सुप्याचा किंवा इंदापूरचा कारभार बघायला निघालेल्या पोराला इटालियन आणि संस्कृत सारख्याच मोलाचं, आणि ग्रीक त्याच्या दुप्पट. मराठीचा प्रश्नच नव्हता. ती निवड झाल्यावर शिकायची.

यावर मेकॉलेकडे उत्तर तयार होतं, आणि ते प्रामाणिक होतं हेच त्यातलं विशेष. त्यानं पार्लमेंटात मांडलेला युक्तिवाद असा: विषय कोणता याला फारसं महत्त्व नाही. उद्या आपण ग्रीकऐवजी चेरोकी लोकांची भाषा शिकवू लागलो, तर चेरोकीत जो सर्वात पुढे जाईल तोच माणूस इतर कामांतही पुढे जाईल. अवघड परीक्षेचं सगळं तत्त्वज्ञान या वाक्यात येऊन बसलं आहे. काय विचारलं आणि का विचारलं, याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्यावरून उतरते. पेपर पुरेसा अवघड असला की झालं. मेकॉले स्वतः केंब्रिजमध्ये १८२२ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत आपटला होता, त्याला ऑनर्स मिळाला नव्हता. गणिताचा त्याला मनस्वी तिटकारा. त्याच्याच कसोटीनं त्याला या सिव्हिल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आयसीएसमध्ये, घेतला असता का, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला असला तर मला ऐकायला आवडेल.

केंब्रिजची ही ट्रायपॉस म्हणजे अशक्य पेपरांची खरी आजी. १८५४च्या परीक्षेत आठ दिवसांत १६ पेपर, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. १८६०च्या दशकातल्या एका वर्षाचे गुण कळतात, ते असे: एकूण १७,०००. पहिल्या आलेल्याला, म्हणजे सीनियर रँग्लरला, ७,६३४. दुसऱ्याला ४,१२३. रँग्लरांच्या, म्हणजे पहिल्या वर्गाच्या, यादीतल्या शेवटच्याला दीड हजाराच्या आसपास, आणि ऑनर्सच्या तळाशी असलेल्याला २३७. सतरा हजारांपैकी दोनशे सदतीस मिळवून तो सन्मानानं पदवीधर. त्याच्याही खाली तीनेकशे पोरं होती, त्यांना ऑनर्स नाहीच. पहिल्यालासुद्धा निम्मे गुण पडू नयेत, हे तिथे अपयश मानलं जात नव्हतं. पेपर भारी असल्याचा तो पुरावा होता.

अशा पेपराला शिकवणीवाला लागतोच. एडवर्ड राउथ हा त्यांतला बादशहा. त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. तो स्वतः १८५४ मध्ये पहिला आला होता आणि त्या वर्षी दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विजेचं आणि चुंबकाचं समीकरण मांडणारा दुसरा, आणि त्याला मागे टाकणाऱ्यानं आयुष्य बहुतांशी क्लास घेण्यात घालवलं. केल्विनही दुसराच होता. जे. जे. थॉमसनही.

आपल्याकडे मात्र १८९९ मध्ये या परीक्षेला देवत्व आलं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जोडीनं पहिले आले आणि सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय ठरले. मराठी मुलखाला त्याचा आनंद होणं साहजिक होतं. ज्यांनी आपल्याला कारकुनीपुरतं मोजलं त्यांच्याच सर्वात अवघड पेपरात आपला कोकणातला पोरगा पहिला. 'रँग्लर' ही पदवी नावाआधी लागू लागली, परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि घराघरांत अंकगणितात अडलेल्या पोराला त्यांचं उदाहरण ऐकावं लागलं. दहा वर्षांनी, १९०९ नंतर, केंब्रिजनं क्रमवारीची ती यादीच बंद केली. परीक्षेसाठी घोकून गणित पुढे जात नाही, असं तिथल्याच गणितींचं मत पडलं होतं. ही बातमी आपल्याकडे फारशी पोचली नाही, किंवा पोचली तरी कुणाला ती आवडली नाही.

आयसीएसची परीक्षा हिंदी उमेदवारांसाठी कागदाबाहेरही अवघड केली जात होती. ती फक्त लंडनला. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पास झाले आणि मुंबई इलाख्यात नोकरीला आले. १८६९ मध्ये श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मुंबईचे गृहस्थ पास झाले, आणि त्यांना व सुरेंद्रनाथ बॅनर्जींना वय जास्त म्हणून यादीतून काढलं. झालं होतं असं, की आपल्याकडे 'सोळावं चालू' असलं की सोळा सांगायची पद्धत, आणि मॅट्रिकच्या नोंदीत तेच वय. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं तेव्हा दोघांना परत घेतलं गेलं. पुढे १८७६ मध्ये कमाल वय २१ वरून १९ वर आणायचं ठरलं. एकोणिसाव्या वर्षाआधी समुद्र ओलांडून ग्रीक-लॅटिनसह तयार व्हायचं! काँग्रेसनं १८८५ पासून मागणी केली, की परीक्षा हिंदुस्थानातही घ्या. ती अलाहाबादला झाली १९२२ मध्ये. मधल्या काळात, १९१८ साली, चिंतामणराव देशमुख लंडनला जाऊन पहिले आले. असे एक-दोघे पहिले येत राहिले की पद्धतीला अंगारा लागल्यासारखं होतं. मग तिला कुणी हात लावत नाही.

इकडे मुंबई विद्यापीठानं १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक घेतली. शंभराहून अधिक बसले, पास झाले वीस-बावीस. त्यांत रानडे आणि भांडारकर होते. १८६२ मध्ये पहिले बीए चार: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. हा पेपर सगळा इंग्रजीतून, आणि मुलाच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. पण गावगाड्यापुरती वेगळी शिडी होती. सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल. 'फायनल पास' माणूस मास्तर होई, पुढे तलाठीही. मॅट्रिकला बसून नापास झालेला माणूसही गावात मान राखून असे, कारण निदान तो बसला होता. कित्येक वर्षं या परीक्षेनं बहुसंख्य मुलांना नापास केलं, आणि त्याबद्दल विद्यापीठाला कुणी जाब विचारला नाही. गावात एवढंच म्हणत, की पोरगं गणितात गेलं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच दिवशी लोकसेवा आयोगही झाला. तेव्हा पदवीधर तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२चं, विद्या प्रतिष्ठान १९७२चं. कॉलेजं आली, पदवीधर आले, त्यांची पोरं आली. जागा त्या वेगानं आल्या नाहीत. अवघडपणाचा खरा धनी इथे दिसतो. दहा जागांना पन्नास अर्ज असतात तेव्हा साधा पेपर पुरतो. दहा जागांना वीस हजार अर्ज आले की साध्या पेपरात हजार जणांना सारखेच गुण पडतात, आणि त्यांतून दहा कसे निवडायचे? मग 'पुढीलपैकी कोणते विधान/विधाने बरोबर आहे/आहेत' येतं. अ, ब, क, ड. फक्त अ आणि क. वरीलपैकी एकही नाही. आयोगाला जे माहीत करून घ्यायचं आहे ते या प्रश्नात नसतंच. रांग कापायची असते. एखाद्या समितीचा अध्यक्ष कोण हे ठाऊक असण्यानं चांगला तहसीलदार होतो असं पेपर काढणाऱ्यालाही वाटत नसणार. मेकॉलेला निदान तसं मनापासून वाटत होतं.

बारामती आणि इंदापुरातल्या अभ्यासिका याच रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या. महिन्याची फी, नंबर घातलेलं टेबल, मोबाईलला चार्जिंग, भिंतीवर नकाशा आणि 'शांतता राखा'. नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आहे, तिथल्या मुलाला निदान घरचं रान आहे. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातला आणि इंदापूरच्या कोरड्या गावांतला मुलगा मात्र जाहिरातीची वाट बघतो. 'जागा निघाल्या का?' हा इथला कुशल-मंगल विचारण्याचा प्रकार आहे. सकाळी भरतीसाठी ग्राउंड, दुपारी अभ्यासिका, पूर्व झाली की मुख्य, ते नाही तर कंबाइन, ते नाही तर सरळसेवा. पेपर झाल्यावर उत्तरतालिका येते, हरकती घेतल्या जातात, मग दुसरी उत्तरतालिका, आणि काही प्रश्न रद्द. रद्द प्रश्नावर ज्यानं पाच मिनिटं घालवली त्याची पाच मिनिटं कुठल्याच तालिकेत येत नाहीत. चार चुकले की एक बरोबर गेलं, हा नियम उमेदवाराला आहे. प्रश्न काढणाऱ्याचे किती चुकले की काय जातं, याचा नियम मी अजून वाचलेला नाही. २०२३पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा एकदम वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्याच्या रस्त्यावर पोरं बसली. बारामतीच्या शरद पवारांनी रात्री तिथे जाऊन त्यांची भेट घेतली, आणि बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. पोरांचं म्हणणं वर्णनात्मक पेपर वाईट असं नव्हतं. चार वर्षं गोळे रंगवण्याची तयारी केली, आता चार महिन्यांत निबंध कसे लिहायचे, एवढंच होतं.

आयआयटीच्या वाटेवर केंब्रिजची आजी जिवंत आहे. २०२२ च्या जेईई ॲडव्हान्स्डमध्ये खुल्या यादीत पात्र ठरायला ३६० पैकी ५५ गुण पुरे होते, म्हणजे शेकडा पंधरा. दहावीला पस्तीस लागतात. पंधरा टक्क्यांवर फ्लेक्स लागतो आणि पस्तीसवर घरात बोलणी बसतात, यात कुणाला विसंगती वाटत नाही. वैद्यकीयमध्ये तर २०२३च्या सप्टेंबरात पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. आधी रेषा उंच ओढायची कारण उमेदवार जास्त, मग जमिनीला टेकवायची कारण जागा जास्त. ज्ञान दोन्ही वेळा तेवढंच.

पण सगळ्या वंशावळीचा मुकुटमणी महसूल खात्याच्याच घरात निपजला. २०२३ची तलाठी भरती. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. एवढ्यांना एकदम बसवणार कुठे, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात ५७ सत्रांत ऑनलाइन परीक्षा. सत्तावन्न सत्रं म्हणजे सत्तावन्न वेगळे पेपर. कुणाचा सोपा, कुणाचा अवघड. ती तफावत काढायला गुणांचं सामान्यीकरण. अवघड पेपरवाल्याचे गुण सूत्रानं वर, सोप्यावाल्याचे खाली. २०२४च्या जानेवारीत यादी लागली आणि तीत २०० पैकी २१४ गुण मिळवणारा उमेदवार निघाला. गदारोळ झाला. खात्यानं खुलासा केला की यात गैर काही नाही, सूत्राप्रमाणे असं होऊ शकतं. खुलासा गणिताच्या दृष्टीनं खराच होता. प्रिंगलचं सूत्रही गणिताच्या दृष्टीनं खरंच होतं.

केंब्रिजमध्ये सतरा हजारांपैकी सात हजार सहाशे मिळवणारा पहिला, आणि महाराष्ट्रात दोनशेपैकी दोनशे चौदा मिळवणारा पहिला. दीडशे वर्षांत एवढा पल्ला. दोन्हीकडे आकड्याचा आणि उमेदवाराच्या डोक्यात काय आहे याचा संबंध सारखाच. या सगळ्या कहाणीत एकदाच, इंदापुरात, पेपर मागे घेतला गेला. तो का घेतला गेला? गोल्डस्मिड भला माणूस होता हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण, रयत निघून गेली होती. रान पडीक पडलं, तिजोरीत काही येईना, तेव्हा सरकारला प्रश्नपत्रिका पुन्हा वाचावीशी वाटली. आजचा उमेदवार निघून जात नाही. जायला संस्थानी मुलूख उरलेला नाही. पेपर जितका अवघड, तितके पुढच्या वेळी अर्ज जास्त. दहा लाखांतले नऊ लाख पंचाण्णव हजार परत गेले तरी अभ्यासिकेतलं टेबल दुसऱ्या दिवशी रिकामं राहत नाही. मग पेपर कोण कशाला बदलेल?

ज्या पावसाळ्यात ही ५७ सत्रं चालू होती, त्या पावसाळ्यात बारामती आणि इंदापुरात पाऊस नव्हता. आता दुष्काळ ठरवायला पर्जन्याची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निर्देशांक आहेत. शिवाय इंग्रजी आणेवारीची नात म्हणावी अशी पैसेवारी आहेच, पन्नास पैशांच्या खाली गेली की पीक नापास. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यानं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बारामती आणि इंदापूर दोन्ही त्यात होते. सवलतींची यादी नेहमीचीच: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट, टँकर, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी. ही माफी शाळा-कॉलेजच्या परीक्षांना. तलाठी भरतीचे हजार रुपये, राखीव असेल तर नऊशे, तोवर भरून झालेले होते.